आजोबांचा सेफ्टी रेझर: मुलामा द्यावा की आहे तसा जपावा?

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपले आजोबा सोलापुरात गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. त्यांचा तीन भागांचा (वरची टोपी, दातांची पट्टी आणि मूठ) जिलेट सेफ्टी रेझर पत्र्याच्या ट्रंकेत सापडला आणि त्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असे कोरलेले आहे. मुठीवरचे निकेल बऱ्याच ठिकाणी जाऊन पितळ उघडे पडले आहे, पट्टीच्या आतल्या बाजूस हिरवट थर आहे, कंगव्यासारख्या दातांपैकी एक दात किंचित वाकला आहे आणि एक गंजलेले पाते अजून आतच अडकून आहे. एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्याने दोन दिवसांत मुलामा देऊन नव्यासारखा करून देण्याचे कबूल केले आहे. थोरले बंधू म्हणतात की त्याला हातही लावू नये, काचेच्या कपाटात ठेवावा. आपल्याला मात्र तो अधूनमधून वापरण्याची इच्छा आहे.

मी गेली अठ्ठावीस वर्षे सोलापुरात निकेल-क्रोमचा मुलामा देण्याचे आणि जुन्या पितळी वस्तू दुरुस्त करण्याचे काम करतो. मुलामा देण्यावर माझे घर चालते, तरीही जुना रेझर घेऊन येणाऱ्या बहुतेकांना मी मुलामा न देताच परत पाठवतो. चकाकी हवी की नको, हा प्रश्न माझ्या मते नंतरचा आहे. आधी हे ठरवावे लागते की रेझरवर जे दिसते ती झीज आहे की रोग. आजोबांच्या बोटांनी रोज त्याच जागी धरून निकेल घासले गेले, ती झीज. ती घडून गेली आहे आणि रेझर ट्रंकेत असताना ती वाढत नव्हती. हिरवा थर, गुलाबीसर डाग, खड्डे आणि केसासारखी बारीक चीर हे रोग आहेत, कारण ते वस्तू पडून असतानाही पुढे सरकू शकतात. रोगावर इलाज केलाच पाहिजे, आणि त्या बाबतीत मला आपल्या बंधूंचे म्हणणे पटत नाही. झिजेवर इलाज करण्याची घाई मात्र मुळीच नको, आणि तेथे प्लेटिंगवाल्याचेही पटत नाही.

प्रथम अडकलेल्या पात्याविषयी, कारण सर्वाधिक नुकसान याच पायरीवर होते. स्टेनलेस पाती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बाजारात रुळली. त्याआधीची पाती साध्या कार्बन पोलादाची असत आणि ओली राहिली की गंजत. असे पाते टोपी आणि पट्टी यांच्यामध्ये चिकटून बसते. मूठ फिरत नाही म्हणून लोक पक्कड लावतात, आणि मुठीवरच्या नक्षीवर पकडीच्या दातांचे कायमचे वण उठतात. त्याऐवजी शिलाई मशीनच्या तेलाचे तीन-चार थेंब टोपीच्या कडेने आत सोडा आणि रेझर रात्रभर उलटा ठेवा. सकाळी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून, जाड टर्किश टॉवेलात धरून मूठ डावीकडे फिरवा. फिरली नाही तर पुन्हा तेल आणि पुन्हा एक रात्र. मी एका रेझरसाठी आठ दिवस थांबलो आहे. पाते निघाले की ते हाताने पुसू नका. गंजलेल्या पात्यालाही धार असते.

आता हिरव्या थराकडे वळू. दाढीच्या साबणातील स्निग्धाम्ले उघड्या पितळेतील तांब्याशी संयोग पावतात आणि मेणासारखा, नखाने खरवडला जाणारा हिरवा थर तयार होतो. त्याच्या शेजारी जो पांढरट, कडक थर असतो, तो क्षारयुक्त पाणी आणि साबण यांच्यापासून बनलेला असतो. आपल्या भागातील काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यावर वर्षानुवर्षे वापरलेल्या रेझरांमध्ये हा पांढरा थर मला हमखास आढळतो. हे दोन्ही थर घाबरण्यासारखे नाहीत. कोमट पाणी, भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश आणि बांबूची टोकदार काडी एवढ्यावर ते निघतात, फक्त तीन-चार बैठका लागतात. दातांच्या फटींतून आणि टोपीच्या खुंट्यांच्या मुळाशी काडी फिरवताना एकाच जागी जोर देऊ नका. पुन्हा भिजवा, पुन्हा फिरवा.

घरात पितळ म्हटले की हात आपोआप चिंच, लिंबू किंवा तांब्यापितळेच्या भांड्यांच्या पावडरीकडे जातो. घागरीला ते चालते, कारण घागर आतून-बाहेरून पितळच असते आणि तिचा एक पातळ पापुद्रा गेला तरी बिघडत नाही. रेझरवर आम्ल लागले की ते निकेलच्या कडेखाली शिरते, तेथील पितळ खाते, आणि आतापर्यंत धरून असलेले निकेल पापडीसारखे सुटू लागते. आम्लात पितळ जास्त वेळ राहिले तर त्यातील जस्त आधी निघून जाते आणि गुलाबी तांबूस डाग उरतो, जो पुसून जात नाही. उकळते पाणीही टाळा. सोनेरी मुलाम्याच्या कित्येक जुन्या जिलेट रेझरांवर सोन्याच्या वर लाखेचा पातळ हात दिलेला असतो आणि उकळत्या पाण्यात तो फाटतो. आपला रेझर निकेलचा असल्याने हा धोका नाही, पण ट्रंकेत आणखी एखादा सापडला तर लक्षात असू द्या.

अमोनिया असलेला काच किंवा फरशी पुसण्याचा द्रव मात्र कोणत्याही पितळी रेझरला लावू नये, आणि त्यामागचे कारण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे भारतात पावसाळ्यात तबेल्यांच्या आसपास साठवली जात आणि ऋतू पालटेपर्यंत आपोआप चिरत. घोड्यांच्या मुत्रातून उठणारा अमोनिया आणि काडतूस ओढून घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण, या दोघांच्या संगनमताने हे घडते, असा उलगडा १९२१ मध्ये झाला. रेझरची पोकळ मूठही अशाच ओढून घडवलेल्या पातळ नळीची असते. जिलेटच्या सर्वांत जुन्या तीनभागी रेझरांपैकी ज्यांच्या मुठीच्या टोकाला गोळा आहे, त्यांची नळी विशेष पातळ असून तिला उभी चीर पडलेली वारंवार पाहायला मिळते.

म्हणून रेझर स्वच्छ आणि पूर्ण कोरडा झाल्यावर मूठ खिडकीच्या उजेडात आडवी धरून हळूहळू फिरवा. चीर सरळ डोळ्यांपुढे धरली तर दिसत नाही. प्रकाश तिरपा पडला की काळ्या केसासारखी चमकून जाते, आणि ती बहुधा आटे सुरू होतात त्या तोंडापासून खाली जाते. अशी चीर सापडली तर निर्णयच बदलतो. पाते घट्ट बसवताना आट्यांवर ताण येतो आणि चीर वाढते, त्यामुळे तो रेझर वापरायचा नाही. आतून पितळी नळीचा तुकडा किंवा सळई इपॉक्सीने बसवून मूठ सावरता येते. मी हे केले आहे आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पण चिरलेल्या मुठीला मुलामा देणे म्हणजे फुटलेल्या भिंतीला रंग देणे आहे, शिवाय मुलाम्याच्या टाकीतले रसायन चिरेत शिरून आतून काम करत राहते ते वेगळेच.

हिरवा थर पुन्हा येतो की नाही, हे ओळखण्याची माझी पद्धत सोपी आहे. स्वच्छ केलेले तीनही भाग सुटे करून पांढऱ्या सुती कापडावर कपाटात ठेवतो आणि महिनाभर हात लावत नाही. पावसाळा तोंडावर असेल तर पावसाळा संपेपर्यंत थांबतो. त्याच ठिकाणी पुन्हा हिरवी भुकटी दिसली तर क्षार अजून खड्ड्यात बसलेला आहे, म्हणजे आणखी साफसफाई हवी. काही दिसले नाही तर रोग थांबला आहे. सोलापूरची हवा वर्षातले आठ महिने कोरडी असते आणि पितळेसाठी ही फार मोठी कृपा आहे. कोकणातून आलेल्या वस्तूंची माझी लढाई याहून कितीतरी लांबते.

तो वाकलेला दात छोटी बाब वाटते, पण रेझर वापरायचा असेल तर मुलाम्यापेक्षा महत्त्वाची आहे. आजचे दुधारी पाते सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड असते. एवढे पातळ पाते टोपी आणि पट्टी यांच्यामध्ये दाबून वाकवले जाते आणि त्यामुळेच ते ताठ राहते. धार आणि दात यांच्यामधील फट दोन्ही बाजूंना सारखी असेल तरच दाढी सुरळीत होते. नवे पाते बसवा, रेझर डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरा, मागे ट्यूबलाइट येऊ द्या. प्रकाशाची पट्टी एका टोकाकडे रुंद आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळती दिसली तर टोपी कधीतरी मोरीच्या फरशीवर पडून पिळली गेली आहे. प्रकाशाची पट्टी सगळीकडे सारखी असून एकाच दातापाशी तुटक दिसत असेल, तर दोष त्या दाताचाच आहे. स्कूटरच्या गॅरेजमध्ये प्लगसाठी फीलर गेज असते, ते दहा मिनिटांसाठी मागून घेतले तर नजरेचा अंदाज आकड्यांत मिळेल.

दात सरळ करताना आच देऊ नका. पितळ एकदा वाकले की त्या जागी कडक होते. सावकाश एकदा परत वाकवले तर बहुधा ऐकते, मागे-पुढे केले तर तुटते. मी लाकडाच्या दोन चपट्या तुकड्यांमध्ये दात धरून, प्रत्येक वेळी केसभर, असा चार-पाच दाबांत जाग्यावर आणतो. वाकण्याच्या रेषेवर निकेलला बारीक तडे जातात आणि ते राहणारच. दात थोडासाच आणि पात्यापासून दूर वाकलेला असेल, तर मी त्याला कित्येकदा हातच लावत नाही. पात्याकडे किंवा त्वचेकडे वळलेला असेल तर मात्र सरळ करावाच लागतो.

आता मुलाम्याविषयी, कारण “नव्यासारखा” या शब्दात नेमके काय दडलेले असते हे आपल्याला ठाऊक असावे. मुलामा ही फक्त शेवटची पायरी आहे. आधी जुने निकेल तेजाबाच्या टाकीत वीज सोडून उतरवले जाते. मग उघडे पितळ बफच्या, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर घासून आरशासारखे केले जाते. त्यानंतर तेलकटपणा काढून तांब्याचा पातळ हात, त्यावर निकेल आणि हवे असल्यास क्रोम. शोभेच्या कामात निकेलचा थर साधारण ५ ते २० मायक्रॉन असतो, म्हणजे दाढीच्या पात्याच्या जाडीचा विसावा ते पाचवा हिस्सा. हा थर वस्तू बिघडवत नाही. बिघडवते ते बफ. चाक खड्डे घालवते म्हणजे खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचे सगळे पितळ उतरवते. त्यात मुठीवरची चौकटी नक्षी बोथट होते, कोरलेली अक्षरे फिकी पडतात, दातांची टोके गोल होतात. शिवाय विजेच्या टाकीत निकेल कडांवर आणि टोकांवर जाड बसते आणि खोलगट जागी पातळ. म्हणजे ज्या आतल्या कोपऱ्यांत आपला हिरवा थर होता, तेथेच नवे संरक्षण सर्वांत कमी असते.

हे मी नुकसान करून शिकलो. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी साखर पेठेतील एका शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांनी वडिलांचा रेझर आणला आणि चांगला चमकवून मागितला. मी मन लावून बफ केला, निकेल चढवले, आणि माझ्या दृष्टीने ते त्या महिन्यातले सर्वांत सुबक काम होते. त्यांनी रेझर हातात घेतला, मूठ काढली, पट्टी उलटी करून बराच वेळ पाहिली आणि विचारले, “त्या दोन रेघा कुठं गेल्या?” त्यांच्या घरी तीन भाऊ, नळाशेजारी एकच कोनाडा आणि तीन सारखेच रेझर होते. भांड्यांवर नावे घालतो तशा वडिलांनी, ते दुसऱ्या क्रमांकाचे भाऊ म्हणून, पट्टीच्या तळाला सुईने दोन रेघा ओढलेल्या होत्या. मी त्या पाहिल्याही नव्हत्या. त्यांनी पैसे दिले, एक शब्द उणा बोलले नाहीत, आणि आठवड्याने येऊन सांगितले की एका बाजूने रेझर ओरखडतो. मोजले तेव्हा कळले की त्या बाजूचे दात मी जास्त घासले होते. त्या दिवसापासून कोणताही रेझर हातात आला की मी प्रथम प्रत्येक भागाची दोन्ही अंगे भिंगाखाली पाहतो, प्रत्येक खूण वहीत काढून ठेवतो आणि मालकाला ती दाखवून मगच पुढे जातो. आपणही आधी तेच करा. जॉबराच्या रेझरवर एखादी खूण असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

कोणत्या परिस्थितीत मी मुलामा देतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टोपीचा जो भाग त्वचेवरून सरकतो तो खड्ड्यांनी खरखरीत झाला असेल, रेझर रोज वापरायचा असेल, मॉडेल सर्वसाधारण असेल आणि पूर्वी कोणीतरी निकृष्ट मुलामा देऊन त्याचे मूळ रूप आधीच घालवले असेल, तर मी आनंदाने देतो. मधला मार्गही आहे: बफ न लावता फक्त स्वच्छ करून पातळ निकेल चढवणे. त्यात ओरखडे तसेच दिसतात, आरशासारखी चमक येत नाही, पण खुणा आणि मोजमापे शाबूत राहतात. आट्यांवर आधी लाखेचा हात देऊन ते झाकायला सांगावे लागते, नाहीतर मूठ घट्ट होऊन बसते. घरात कोणाला निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे घड्याळाच्या पट्ट्याच्या बक्कलाने खाज सुटत असेल, तर निकेल उघडे न ठेवता वर क्रोम हवेच.

किमतीबद्दलही आपण विचारले आहे. इंग्लंडमध्ये बनलेले तीनभागी जिलेट फार मोठ्या संख्येने निघाले, त्यामुळे मुलाम्याने आपले मोठे आर्थिक नुकसान होईल असे मला वाटत नाही. जिलेटचे पेटंट १५ नोव्हेंबर १९०४ चे आहे आणि ती तारीख पुढे अनेक वर्षे अमेरिकी रेझरांवर कोरली जात होती. ती पाहून रेझर १९०४ चाच आहे असे समजणारे दर दोन-तीन महिन्यांनी मला भेटतात. अमेरिकी रेझरांवर १९५० च्या दशकापासून अक्षर आणि आकडा मिळून वर्ष आणि तिमाही दाखवणारा संकेत असतो. दुर्मीळ नमुन्यांच्या बाबतीत संग्राहक मूळ मुलाम्यालाच किंमत देतात, मग तो कितीही झिजलेला असो. आपल्या रेझरचे मोल त्या हिशेबात बसणारे नाही.

पितळ उघडे असताना दाढी करणे सुरक्षित आहे का? दाढीपुरते आहे. पितळ काळसर पडेल, बोटांना किंचित वास येईल, एवढेच. वापरण्यापूर्वी धुऊन झाल्यावर सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा मिनिटे बुडवा. ब्लीच वापरू नका, ते पितळ आणि निकेल दोन्ही खाते. मूठ बेकेलाइटची किंवा प्लास्टिकची असती तर स्पिरिटही वर्ज्य केले असते, पण आपली धातूची आहे. प्रत्येक दाढीनंतर तीनही भाग सुटे करून गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि सुटेच वाळू द्या. ओला रेझर त्याच्या मखमली डबीत बंद करणे हेच जुन्या रेझरांच्या नाशाचे सर्वांत मोठे कारण मी पाहिले आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावून ठेवणेही टाळा. सुती कापड पुरेसे आहे. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. तो हवे तेव्हा व्हाइट स्पिरिटने (सर्जिकल स्पिरिटने नव्हे) काढता येतो, आणि जे काढून टाकता येते ते करून पाहायला माझी कधीच हरकत नसते.

आपल्या रेझरसाठी माझा सल्ला असा: पाते काढा, स्वच्छ करा, चीर पाहा, महिनाभर थांबा, दात तपासा आणि वापरा. मुलामा आत्ता नको. वर्षभर वापरून टोपी त्वचेला खरखरीत लागली, तर तेव्हा बफ न लावता निकेल चढवण्याचा विचार करता येईल. तोवर प्लेटिंगवाल्याला नम्रपणे नाही म्हणावे. मूठ फिरेनाशी झाली किंवा तिरप्या उजेडात चिरेचा संशय आला, तर जोर न लावता तशीच, पाते आत ठेवूनच, जाड कापडात गुंडाळून एखाद्या जाणकार कारागिराकडे न्या, आणि त्याने चाक सुरू करण्याआधी पट्टीचा तळ त्याच्यासमोर उलटा करून दाखवा.